भेद भेटला तो तिकडे



बेने इस्रायलींनी छळाला कंटाळून महाराष्ट्र सोडला, हा आपल्या अंकातील लेखाचा सूर चुकीचा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या या ज्यू ‘शनवार तेल्यां’ना जातीच्या उतरंडीत खालची पायरी मिळाली, एवढे मान्य; छळ मात्र नाही.

१९४८च्या अरब-इस्रायल युद्धानंतर त्यांना धर्मभूमीची ओढ आणि चरितार्थाची आशा इस्रायलला घेऊन गेली. पाथर्डीचा ऊसतोडणी कामगार पोटासाठी कोयता घेऊन निघतो, त्यालाही कोणी हाकललेले नसते!

भेद भेटला तो तिकडे. १९५२मध्ये काही कुटुंबे आंदोलन करून भारतात परतली. १९६२मध्ये विवाहापूर्वी बेने इस्रायलींची वंशावळ तपासण्याचे धर्मगुरूंचे फर्मान निघाले; निदर्शनांनंतर १९६४मध्ये इस्रायली संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले. लेखात यातले अक्षरही नाही.

एक वाचक, पाथर्डी (जि. अहिल्यानगर)