उमेदवारी ही हौस नव्हे

निवडणुकीची चाहूल लागली की काही ठराविक नावे पुन्हा कानी येऊ लागतात. मागील वेळी पडलेले, त्यामागील वेळीही पडलेले, आणि तरीही यंदा अर्ज भरण्याच्या तयारीत असलेले हे गृहस्थ चेष्टेचा विषय होतात. पराभूताची चेष्टा करणे फार सोपे असते. परंतु सीमाभागातील मराठी माणसाने तरी हे हसणे आवरावे, कारण पराभवानंतर पुन्हा उभे राहणे हाच ज्या चळवळीचा इतिहास आहे, तिने हरलेल्या उमेदवारास हसणे म्हणजे स्वतःलाच हसणे होय. विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. हा मनुष्य पुन्हा उभा राहतो तो कशासाठी आणि कोणाच्या संमतीने?

केवळ उभे राहण्यासाठी उभे राहणारी माणसे आपल्या देशास अपरिचित नाहीत. बरेलीचे काका जोगिंदरसिंग 'धरतीपकड' यांनी तीनशेच्या आसपास निवडणुका लढविल्या. १९९२ साली ते राष्ट्रपतिपदासाठीही उभे होते. बंगळूरचे 'होट्टे पक्ष' रंगस्वामी ८० हून अधिक वेळा रिंगणात उतरले. होट्टे म्हणजे पोट, हे अळणावरकरांस सांगावयास नकोच. तामिळनाडूतील मेट्टूरचे के. पद्मराजन १९८८ पासून उभे राहत आले असून त्यांच्या पराभवांची संख्या दोनशेंच्या पुढे गेली आहे. सामान्य नागरिकही पंतप्रधानाविरुद्ध उभा राहू शकतो, हे अशा माणसांनी दाखवून दिले आणि तेवढ्यापुरते त्यांचे ऋण लोकशाहीवर आहे. तथापि त्यांच्या पराभवाने कोणाचे काही बुडाले नाही, कारण त्यांच्यामागे कोणताही समाज आपले भवितव्य घेऊन उभा नव्हता.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील युजीन डेब्स यांचे. १९०० ते १९२० या काळात ते पाच वेळा अध्यक्षपदासाठी उभे राहिले. शेवटची निवडणूक तर त्यांनी तुरुंगातून लढविली आणि तरीही त्यांना सुमारे नऊ लाख मते पडली. निवडून येण्याचा संभव नाही हे त्यांना ठाऊक होते. परंतु त्यांच्यामागे पक्ष होता, कार्यक्रम होता, कामगारांचा मोठा समुदाय होता. त्यांची उमेदवारी ही एका समुदायाची साक्ष होती. हौस आणि साक्ष यांतील भेद हा असा आहे.

आमच्या सीमाभागाने अशी साक्ष १९९६ साली दिली. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात तब्बल ४५६ उमेदवार उभे होते. त्यांतील बहुसंख्य माणसे दिल्लीस जाण्याकरिता उभी नव्हती. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्याकरिता उभी होती. त्याच वर्षी आंध्रातील नळगोंड्यात ४८० उमेदवारांनी पाण्याच्या प्रश्नावर हाच मार्ग धरला. सरकारला निवडणूक घेणे जड गेले, आणि सरकारने उत्तर दिले ते कायद्याने. लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० वर आणि विधानसभेची २५० वरून ५,००० वर गेली. अपक्षास दहा सूचकांची अट पडली. पुढे अनामत आणखी वाढून अनुक्रमे २५,००० आणि १०,००० झाली. प्रश्न सुटला नाही. प्रश्न मांडण्याची किंमत तेवढी वाढली.

म्हणूनच आता गर्दीचे शस्त्र पूर्वीइतके धारदार राहिलेले नाही. २०१९ साली बेळगाव लोकसभेत ५७ उमेदवार होते. त्याची दखल दोन दिवस घेतली गेली आणि तिसऱ्या दिवशी विसरली गेली. उलट २०२१ च्या पोटनिवडणुकीत समितीने शुभम शेळके हा एकच तरुण उमेदवार दिला आणि त्याला एक लाखाहून अधिक मते मिळाली. विजयी उमेदवाराचे मताधिक्य सहा हजारांच्या आत होते. एकषष्ठांश मतांच्या नियमाने अनामत वाचली नसेल. परंतु त्या लाख मतांकडे काणाडोळा करण्याची कोणाची छाती झाली नाही. पराभवातही प्रतिष्ठा असते ती अशी.

आता खानापूरकडे पाहा. १९५७ पासून अनेकदा समितीचा आमदार निवडून देणारा हा तालुका. २०१३ साली त्याने पुन्हा समितीस कौल दिला. २०१८ साली मात्र समितीच्याच नावावर दोन गटांचे दोन उमेदवार उभे राहिले. त्या दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांहून अधिक भरत होती! मराठी माणसाने मत दिले नाही असे नव्हे. त्याने दिलेले मत आम्हीच दोन तुकड्यांत वाटले. २०२३ साली तेथे निवडून आले ते भारतीय जनता पक्षाचे विठ्ठल हलगेकर, २०१८ साली दुसऱ्या क्रमांकावर राहिलेले गृहस्थ. पराभव पचवून पुन्हा उभे राहण्याचे फळ त्यांना मिळाले, कारण त्यांच्यामागे एक पक्ष एकसंध उभा होता. समितीला मात्र २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत एकही जागा मिळाली नाही.

या शून्याचा अर्थ विरोधक कसा लावतात, हे सर्वांस ठाऊक आहे. 'आता सीमाप्रश्न उरलाच कोठे?' असे ते विचारतात. महाराष्ट्र शासनाने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. न्यायालय मते मोजून न्याय देत नाही हे खरे; परंतु न्यायालयाबाहेर लोकेच्छेचे माप मतपेटीतूनच घेतले जाते. ते माप आम्ही आपल्याच हाताने खोटे करावे काय?

अळणावरचे मत कलघटगी मतदारसंघात पडते. रेल्वेने लोंढ्याच्या दिशेस निघाले की लवकरच खानापूर तालुका लागतो; दांडेलीच्या फाट्याने गेले की हल्याळ. नातीगोती, बाजारहाट आणि भाषा या रेषांच्या दोन्ही बाजूंस पसरलेली आहेत. खानापुरात मते फुटली तर त्याचा सल अळणावरच्या मराठी घरातही जाणवतो, पण ती फूट थांबविणारे मत येथल्या माणसाच्या हाती नाही. त्याच्या हाती आहे तो शब्द. आपल्या सोयऱ्यास, मित्रास, व्यापारातील सोबत्यास तो विचारू शकतो.

पुन्हा उभा राहू इच्छिणाऱ्या प्रत्येकास त्याने एवढेच विचारावे : मागील पाच वर्षांत मराठी शाळेसाठी, मराठीतून कागदपत्रे मिळावीत यासाठी आपण किती वेळा कचेरीची पायरी चढलात? आपली उमेदवारी कोणत्या बैठकीत, कोणाच्या संमतीने ठरली? आणि दुसऱ्याचे नाव ठरले तर त्याच्या प्रचारास आपण घरोघर फिराल काय? ज्याच्यापाशी या प्रश्नांची उत्तरे आहेत, तो दहा वेळा हरला तरी आमचा आहे, आणि अकराव्या वेळी त्याची अनामत भरण्यास वर्गणी काढणे हे आमचे कर्तव्य आहे. ज्याच्यापाशी ती नाहीत, त्याने अर्ज मागे घेण्याची मुदत टळण्यापूर्वी घरी बसावे. तीही सीमाचळवळीची सेवाच होईल.