मदत परदेशात, पण शिकवणारं कोण?

'परदेशात दोन आठवडे मुलांना शिकवा, सर्टिफिकेट मिळवा!' अशा जाहिराती इन्स्टावर हल्ली सारख्या दिसतात. फी भरायची, विमान पकडायचं, मुलांबरोबर फोटो काढायचे आणि परत यायचं. आपल्या सीव्हीत एक ओळ वाढते. पण त्या मुलांच्या पदरात काय पडतं?

हेतू चांगला असला की सगळं चांगलंच होतं, असं नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. त्यानंतर काही दिवसांतच १० अमेरिकन मिशनरी ३३ मुलांना योग्य कागदपत्रांशिवाय सीमेपार डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना पकडले गेले. मुलं अनाथ असल्याचं सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात त्यातल्या अनेकांचे आईवडील जिवंत होते!

मग जबाबदार मदत कशी असते? याचं एक उदाहरण आपल्या खाडीपलीकडेच आहे.

वस्तीतून झांबियात

'प्रथम' ही संस्था १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरू झाली. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे हे तिचे संस्थापक. बालवाडीसाठी इमारत नव्हती, तर वर्ग देवळात भरले, कुणाच्या घरात भरले. शिकवायला बाहेरून कुणी आणलं नाही. वस्तीतल्याच मुली ताई झाल्या. पुढे शाळेत मागे पडलेल्या मुलांसाठी 'बालसखी' आल्या. मुलगा कितवीत आहे हे बाजूला ठेवायचं आणि त्याला आज काय वाचता येतं, तिथून सुरुवात करायची, ही 'प्रथम'ची पद्धत.

हीच पद्धत पुढे आफ्रिकेत गेली. झांबियात २०१६ मध्ये निवडक शाळांत 'कॅच अप' नावाने ती आजमावण्यात आली आणि मग वाढवली गेली. गंमत म्हणजे तिथे भारतातून शिक्षकांची फौज गेलेली नाही. वर्ग घेतात ते तिथल्याच सरकारी शाळांचे शिक्षक आणि वाचायला शिकवतात ते स्थानिक भाषांत. भारतातून गेली ती पद्धत आणि अनुभव. उद्या पाहुणे निघून गेले तरी वर्ग बंद पडू नये, हा त्यामागचा विचार.

मोजायची तयारी

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. आपलं काम बाहेरच्यांना तपासू द्यायचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो या अर्थतज्ज्ञांनी मुंबई आणि वडोदऱ्यात बालसखीचा अभ्यास केला. (दोघांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं.) मुलांची प्रगती दिसली, पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तिचा बराच भाग ओसरला, हेही दिसलं.

बिहारचा निष्कर्ष तर आपल्या कॉलेजांनी भिंतीवर लावावा असा आहे. नुसतं साहित्य वाटलं, तर मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. जोडीला शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, तरी नाही. गावातले स्वयंसेवक शाळेच्या वेळेबाहेर मुलांना घेऊन बसले, तिथे मात्र फरक दिसला.

अर्थात, यावर टीकाही होते. कमी मानधनावर राबणाऱ्या स्वयंसेवकांच्या जिवावर शिक्षण किती दिवस चालवायचं? शिक्षक नेमणं हे सरकारचं काम नाही का? हे प्रश्न रास्त आहेत. म्हणूनच झांबियात सरकारी शिक्षकच वर्ग घेतात, हे महत्त्वाचं.

आपण काय करायचं?

वाशी, नेरूळ, खारघरच्या कॉलेजांतून वह्या-दप्तरं गोळा करण्याचे उपक्रम होतच असतात. कुणी सुट्टीत नेपाळ किंवा केनियाला जाण्याचा प्लॅनही करत असेल. जरूर करा. फक्त फॉर्म भरण्याआधी त्या संस्थेला चार गोष्टी विचारा. हे काम करणारं स्थानिक माणूस आहे का, की मी त्याची जागा घेतोय? मी परतल्यावर मुलांना कोण शिकवणार? फरक पडला की नाही हे कोण तपासतं? आणि मुलांचे फोटो टाकायला त्यांच्या पालकांना विचारलंय का?

उत्तरं गोलमोल आली, तर विमानाचे पैसे वाचवा. दिघा किंवा तुर्भे स्टोअरच्या वस्तीत आठवड्यातून दोन संध्याकाळी, वर्षभर न चुकता जाता येईल का, ते बघा. सर्टिफिकेट मिळेल की नाही, सांगता येत नाही. पण एखादं पोर अख्खा परिच्छेद न अडखळता वाचून दाखवेल.