‘सर, एक मिनिट!’ म्हणण्याची मुभा

ऑपरेशन थिएटरमध्ये रुग्णाला भूल दिलेली आहे. वरिष्ठ सर्जन तयार आहेत. केसपेपरवर डावा गुडघा लिहिला आहे आणि तयारी मात्र उजव्याची चालली आहे, असे सिस्टरला वाटते. खात्री नाही, नुसती शंका आहे. ती बोलेल का? ते तिच्या धाडसापेक्षा, याआधी शंका काढणाऱ्याचे तिथे काय झाले, यावर जास्त अवलंबून असते.

न बोलण्याची किंमत विमानसेवेने फार मोठी मोजली. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ जण मरण पावले. समोरचे विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना, अशी शंका फ्लाइट इंजिनीअरने काढली होती. अनुभवी कॅप्टनने ती ठामपणे झटकली आणि विषय तिथेच संपला. त्यानंतरच्या काळात कनिष्ठांनी शंका कशी मांडायची आणि वरिष्ठांनी ती कशी ऐकायची, हा वैमानिकांच्या प्रशिक्षणाचाच भाग झाला.

वैद्यकशास्त्रानेही हा धडा घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी तयार केली. चिरा देण्यापूर्वी सर्वांनी क्षणभर थांबायचे, आपले नाव व काम सांगायचे, रुग्ण कोण आणि शस्त्रक्रिया कुठे हे मोठ्याने पडताळायचे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. मात्र कॅनडातील ओंटारिओ प्रांतात शंभरावर रुग्णालयांत ही यादी लागू झाल्यावर असा लक्षणीय फरक दिसला नाही. कारणांवर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण नुसत्या टिकमार्कने कोणाला बोलण्याचे बळ येत नाही, हे उघड आहे.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुका अभ्यासताना एक उलटे चित्र दिसले. चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद जास्त होती. त्यांच्या मते, तिथे चुका जास्त होत नव्हत्या. त्या लपवल्या जात नव्हत्या.

आपल्याकडे अडचण आणखी खोल आहे. ‘मोठ्यांना उलट बोलू नये’ हे घरातच शिकवले जाते. मग रेसिडेंट डॉक्टर ‘सर, डोस जास्त वाटतो’ म्हणाला, की तो प्रश्न न राहता उद्धटपणा ठरतो. आदर आणि गप्प बसणे यांची ही गल्लत रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

अर्थात, प्रत्येक भांडण हितकारक नसते. वाद कामावरून व्यक्तीवर घसरला की त्याचा उपयोग संपतो. ‘हा डोस पुन्हा पाहूया’ हा वाद झाला. ‘तुला काय कळतंय’ हा अपमान झाला. दुसऱ्याला आवर घालायचा, पहिल्याला जागा द्यायची, ही जबाबदारी वरिष्ठांचीच आहे. कारण बोलल्यावर ओरडा खाण्याची भीती त्यांना नसते.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. चर्चेत वरिष्ठांनी आपले मत शेवटी सांगावे. ‘माझं काही सुटतंय का?’ असे रोज विचारावे. शंका चुकीची निघाली तरी विचारणाऱ्याचे आभार मानावेत, तेही सर्वांसमोर. आणीबाणीत आदेश पाळावाच लागतो. पण नंतर त्यावर मोकळी चर्चा व्हायलाच हवी.

राउंडला कोणीच काही विचारत नाही, याचा अर्थ सगळे आलबेल आहे असा नसतो. विभागप्रमुखांनी एवढेच आठवून पाहावे: आपल्याला शेवटचे कोणी, कधी अडवले होते? उत्तर आठवत नसेल, तर काळजी करण्यासारखी गोष्ट तीच आहे.