मारेकऱ्याचा ‘मी’

जानेवारी १९७६. पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातल्या काही मुलांनी आपल्याच कॉलेजातल्या प्रकाश हेगडेला पळवून नेलं. मारण्याआधी त्याच्याकडून वडिलांच्या नावे चिठ्ठी लिहून घेतली, की मी घर सोडून जातोय. अक्षर प्रकाशचं, मजकूर मारेकऱ्यांचा. खुन्याच्या तोंडून सांगितलेल्या भयकथा वाचताना मला ती चिठ्ठी हटकून आठवते. तिथेही मेलेल्याच्या वतीने मारणाराच बोलत असतो.

पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत या टोळीने दहा जीव घेतले. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांतल्या मुनव्वर शाहने तुरुंगात ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ हे आत्मकथन लिहिलं. १९८६ मध्ये या खुनांवरचा ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट आला, त्यात नाना पाटेकर होते. फाशी गेलेल्यांपैकी जक्कल हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. पण या टोळीने घरात शिरून मारलेले काशीनाथशास्त्री अभ्यंकर कोण, हे किती जणांना सांगता येईल? १९६१ साली निघालेला त्यांचा संस्कृत व्याकरणकोश अभ्यासकांच्या हाताशी असतो. अभ्यंकरांच्याच घरात, त्याच रात्री सकुबाई वाघही मारल्या गेल्या. त्या तिथे कामाला होत्या, यापलीकडे त्यांच्याविषयी कुणी फारसं लिहिलेलं नाही.

खुन्याच्या तोंडून कथा सांगण्याचा प्रकारच वाईट, असं मी म्हणणार नाही. दोस्तोयेव्हस्कीने ‘क्राइम अँड पनिशमेंट’ ही कादंबरी आधी खुन्याच्याच निवेदनात लिहायला घेतली होती, मग ते सोडून दिलं. सावकारी करणाऱ्या म्हातारीला मारल्यावर अवचित आत आलेली तिची बहीण लिझावेटाही नायक रास्कोलनिकोव्हच्या हातून मरते. पुढे त्याला सावरणारी सोनिया त्याला बायबल वाचून दाखवते, ते लिझावेटानेच तिला दिलेलं असतं. मेलेली बाई कादंबरीतून पुसली जात नाही.

आजच्या बऱ्याच कथांत, मालिकांत नेमकं हेच पुसलं जातं. ‘मी’ हुशार असतो, लहानपणी दुखावलेला असतो, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असतं. वाचक त्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो आणि समोरचं माणूस नुसतं सावज उरतं. पकडला जाईल का, याचीच धाकधूक वाटू लागते. भीती कुणासाठी वाटायला हवी होती, तेच विसरायला होतं.

लेखकांना आणि संपादकांना कळकळीची विनंती आहे. हस्तलिखित छापायला देण्याआधी त्यातल्या मेलेल्या माणसाचं नाव, त्याचं काम आणि त्याची वाट पाहणारं घरचं कुणी कथेत सापडतं का, ते बघा. सापडत नसेल तर ती कथा पुन्हा लिहा.