तालुक्याचा बातमीदार कायद्यात बसतो का?

गंगापूर, लासूर स्टेशन, वाळूज या पट्ट्यात बातमी देणारा माणूस सहसा आणखी काहीतरी करत असतो. कुणाचे झेरॉक्सचे दुकान, कुणाची पेपरची एजन्सी, कुणी विम्याचा एजंट. शेती बहुतेकांची असतेच. दैनिकाचे मानधन नावापुरते, खरा आधार पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींवरचे कमिशन. गोदाकाठच्या वाळूची, तहसीलमधल्या अडलेल्या फेरफाराची, मोंढ्यातल्या भावाची बातमी मात्र हाच माणूस आणतो. संभाजीनगरच्या डेस्कवर बसून ती मिळत नाही. उद्या त्याला कुणी रस्त्यात अडवून मारले, तर कायदा त्याला पत्रकार मानेल का?

पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो अमलात यायला २०१९ साल उजाडले. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडे. वाचायला भक्कम आहे. घोळ आहे तो व्याख्येत. पत्रकारिता हा ज्याचा प्रमुख व्यवसाय आणि जो माध्यमसंस्थेत कायम किंवा कंत्राटी नोकरीत, त्यालाच हे संरक्षण. ठाणे अंमलदार नेमणुकीचे पत्र मागतो. वार्ताहराच्या खिशात असते प्लास्टिकचे आयकार्ड, त्याचीही मुदत बहुधा उलटलेली. मग साधी मारहाण म्हणून एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतली जाते. खोटी तक्रार केल्यास शिक्षेची तरतूद याच कायद्यात आहे, त्यामुळे तक्रारदारही फार ताणत नाही.

ही व्याख्या आली कुठून? १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याची शब्दरचना तिच्यात जवळपास जशीच्या तशी उतरली आहे. तो कायदा वेतन आणि सेवाशर्तींचा होता. पगार कुणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी केलेली चाळणी मार कुणी खाल्ला हे ठरवायला वापरली, तर दुसरे काय होणार? त्यात गोम अशी की, नेमणुकीचे पत्र दिले तर कायदेशीर वेतनाचा हक्क मागे लागेल म्हणून कित्येक मालक ते देतच नाहीत.

राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी गाडीने उडवण्यात आले. ‘महानगरी टाइम्स’मधली त्यांची तिथल्या प्रस्तावित रिफायनरीसंबंधीची बातमी त्याच दिवशीची. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. सुरुवातीला लागले ते सदोष मनुष्यवधाचे कलम. खुनाचे कलम लागले ते राज्यभरातल्या पत्रकारांनी आवाज उठवल्यावर. पहिल्या कागदावर कोणते कलम पडते, यावर तालुक्यात सगळे अवलंबून असते, आणि तिथे आवाज उठवायला दरवेळी मुंबई येत नाही.

माणूस पत्रकार आहे का, हे संविधान विचारत नाही. वृत्तपत्राला नागरिकाहून निराळा हक्क नाही, संपादकही नागरिक म्हणूनच लिहितो, ही भूमिका डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मांडली होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने कलम ३७० रद्द होण्यावर टीका करणारे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस ठेवले म्हणून गुन्हा दाखल झाला होता. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. हा माणूस पत्रकार नव्हता, त्याला पत्रकार असण्याची गरजही पडली नाही. बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आणि बोलल्याबद्दल मार खाल्ला तर संरक्षण फक्त नोकरदाराला, ही विसंगती विधिमंडळाने व्याख्या बदलूनच काढायला हवी. बातमी गोळा करून प्रसिद्ध करणारी व्यक्ती, एवढे पुरेसे आहे. यूट्यूबवरच्या हौशांना आवर कसा घालायचा, हा आक्षेप येईलच. मारहाणीला मात्र तो उत्तर होऊ शकत नाही.

दुसरी बाजू बदनामीच्या फिर्यादीची. मराठी संपादकांच्या गाजलेल्या तुरुंगवासांपैकी अगदी सुरुवातीचा राजद्रोहाचा नव्हताच. १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीत १०१ दिवस राहिले ते कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात. ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट निघाली. आज अब्रुनुकसानीचे तेच कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ म्हणून बसले आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड, शिवाय समाजसेवेचा पर्याय नव्याने आलेला. तालुक्यातल्या वकिलांनाही अनेकदा लक्षात न येणारी एक गोष्ट अशी की, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे खासगी फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना आरोपीचे म्हणणे ऐकावे लागते. नोटीस आली की घाबरून तडजोडीला धावण्याआधी या सुनावणीची तारीख गाठावी. सोबत सातबाराची सही-शिक्क्याची नक्कल, माहिती अधिकारातले मूळ उत्तर आणि समोरच्याची प्रतिक्रिया मागितल्याचा मेसेज असावा. फोनमधला फोटो तिथे कमी पडतो.

व्याख्या बदलेपर्यंत दैनिकांनी दरवर्षी एप्रिलमध्ये आपल्या प्रत्येक तालुका प्रतिनिधीला लेटरहेडवर सही-शिक्क्याचे पत्र द्यावे आणि त्याची प्रत स्थानिक पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्यावी. जाहिरातीचे टार्गेट कळवणारे पत्र दरवर्षी वेळेवर निघतेच.