हॉलिवुड आणि आमची आत्या

गेल्या महिन्यात दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एका मुलीने मला चांगलेच पेचात पकडले. तास संपता संपता उभी राहिली आणि म्हणाली, “सर, गॅसलाइटिंगला मराठीत काय म्हणायचं?”

मराठीच्या प्राध्यापकाला असे प्रश्न नवीन नाहीत. फ्रीजला मराठीत काय म्हणतात, हे विचारणारा एक तरी विद्यार्थी दरवर्षी भेटतोच. पण ही मुलगी थट्टा करीत नव्हती. हल्ली हा शब्द मुलींच्या तोंडी फार आहे. २०२२ साली तर अमेरिकेच्या मेरियम-वेब्स्टर कोशाने त्याला वर्षाचा शब्द म्हणून मान दिला. समोरच्याला पद्धतशीरपणे पटवीत राहायचे की तुझेच डोके ठिकाणावर नाही, असा त्याचा अर्थ. मी घड्याळाकडे पाहिले, “उद्या सांगतो” म्हणालो, आणि आमच्या धंद्यातल्या या जुन्या युक्तीने वेळ मारून नेली.

उत्तर मला यायला हवे होते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ते माझ्या घरातच कोणीतरी दिले होते. पोलादपूरहून महाडला परतताना एस.टी.त खिडकीशी बसलो असता ते एकदम आठवले, आणि त्याच्यामागून आमची आत्या आठवली. या पानावर मी वर्षभर व्याकरणाच्या आणि शेजाऱ्यांच्या कागाळ्या सांगत असतो. दिवाळीच्या निमित्ताने संपादकांनी जागा जरा सैल सोडली आहे, तेव्हा आज आत्याविषयी आणि हॉलिवुडच्या नायिकांविषयी लिहितो. ही दोन्ही माणसे एका लेखात कशी, असे तुम्ही म्हणाल. ती एका खोलीतच होती.

महाडात आमच्या घरी केबल आली ती नव्वदीच्या दशकात, माझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षांत. कार्टून नेटवर्क नावाची एक वाहिनी दिवसभर उंदीर-मांजरे पळवीत असे, आणि रात्री जेवणे आटोपता आटोपता तीच वाहिनी कात टाकून टी.एन.टी. होई. उंदीर-मांजरे जात आणि काळ्यापांढऱ्या पडद्यावर ग्रेटा गार्बो येई. घरातली बाकीची मंडळी उठून जात. मी उरे तो इंग्रजी सुधारण्याच्या नावाखाली. आत्या उरे, कारण तिला झोप कमी होती. कापसाचा पुंजका आणि ताटली घेऊन ती वाती वळीत बसे. इंग्रजीचे अक्षर तिला येत नव्हते. छबिन्याच्या दिवसांत तंबूत पाहिलेले आणि पुढे दूरदर्शनवर पाहिलेले मराठी सिनेमे, एवढीच तिची सिनेमाची शाळा.

पहिल्या पंधरवड्यात मी तिला गोष्ट समजावून सांगत होतो. नंतर तीच मला सांगू लागली.

‘गॉन विथ द विंड’ (१९३९) पाहताना व्हिव्हियन ली मखमली पडदे उतरवून त्यांचा झगा शिवायला काढते, तेव्हा मी स्कार्लेटच्या ढोंगीपणावर काहीतरी पुस्तकी बोललो. आत्या म्हणाली, “जळलं तुझं ढोंग! पडद्याला हात घालणारी बाई मरायची नाही.” ही ली दार्जिलिंगला जन्मली होती, हे मी तिला सांगितले. त्याचे तिला काडीचेही कौतुक वाटले नाही.

बेटी डेव्हिस तिला आवडे. “ही इंग्रजांची ललिता पवार,” असे तिने पहिल्याच रात्री ठरवून टाकले. तुलना वाटते तितकी भाबडी नाही. येवल्याच्या ललिताबाई नायिका म्हणूनच पुढे आल्या. १९४२ साली एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेने डावा डोळा कायमचा अधू झाला, आणि त्या अधू डोळ्याचाच त्यांनी पुढची चाळीस-पन्नास वर्षे भांडवलासारखा उपयोग केला. डेव्हिसबाईही रूपावर कधी विसंबल्या नाहीत. ‘नाउ, व्हॉयेजर’ (१९४२) मध्ये आईच्या धाकात पिचलेली, जाड भुवयांची एक अविवाहित मुलगी उपचारानंतर नव्या कपड्यांत बोटीवर येते. टोपीच्या छायेतला तो चेहरा पाहून मी सुखावलो. आत्या म्हणाली, “भुवया कोरल्या, पण पाऊल बघ. अजून भ्यालेलंच आहे.” पुढे मी तो प्रसंग कितीतरी वेळा पाहिला. खरोखर, डेव्हिसने पाय घाबरलेलेच ठेवले आहेत. एवढे बारकावे टिपणारा समीक्षक मला अजून वाचायला मिळायचा आहे.

माझी स्वतःची मतेही होती, आणि ती मी सोडलेली नाहीत. ऑड्री हेपबर्न मला ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) मध्ये मनापासून आवडते. पण आज तिचे चित्र मोबाइलच्या वेष्टनावर मिरवणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींपैकी एकीनेही तिचा सिनेमा पाहिलेला नाही, याचा मला मत्सरमिश्रित राग येतो. मेरिलिन मन्रोला लोकांनी कॅलेंडर करून टाकले. ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) मध्ये तिने हशा नेमका कुठे सोडायचा याचे जे भान दाखवले आहे ते आमच्याकडच्या पट्टीच्या विनोदी नटांनी समोर बसून शिकावे. आत्याला मन्रोविषयी विचारले तर म्हणाली, “पोर चांगली आहे. थंडी वाजत असेल.”

तिच्या लेखी सगळ्यांच्या वर मात्र ‘कुंकू’तली (१९३७) शांता आपटे होती. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामबापूंनी काढलेला हा चित्रपट. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा त्या संसाराला ठाम नकार देते, आणि मध्येच चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. त्या काळी हॉलिवुडच्या नायिका मखमलीच्या कोचावर बसून रडत होत्या आणि आमची नीरा छडी उगारीत होती, हे मी वर्गात अभिमानाने सांगतो. एकदा दूरदर्शनवर तो लागला होता. केशवराव दात्यांचा म्हातारा शेवटी आपली चूक ओळखतो, तिथे आत्या म्हणाली, “हिच्या नवऱ्याला निदान लाज तरी होती.” आम्ही सगळे हसलो. माझे वडील तेवढे हसले नाहीत.

आणि मग एका रात्री ‘गॅसलाइट’ लागला. जॉर्ज क्युकरचा, १९४४चा. इन्ग्रिड बर्गमनला पहिले ऑस्कर मिळवून देणारा. लंडनमधले घर, नवरा चार्ल्स बॉयर, बोलायला लोण्यासारखा. तो वस्तू लपवतो आणि बायकोला म्हणतो, तूच हरवल्यास. भिंतीवरची तसबीर नाहीशी होते. तो म्हणतो, तूच काढलीस. रात्री तो गुपचूप माळ्यावर जाऊन दिवा लावतो तेव्हा खालच्या खोलीतले गॅसचे दिवे मंद होतात. ते मंद झालेले फक्त तिला दिसतात, आणि आपल्याला भास होतात असे तिला वाटू लागते.

पहिल्यांदा दिवे उतरले तेव्हा आत्याचे हात थांबले. वात अर्धी वळलेली तशीच राहिली. तिला एक वाक्यही कळत नव्हते. पण नवऱ्याने पाहुण्यांदेखत बायकोला घड्याळ हरवल्यावरून हलक्या आवाजात टोकले, आणि बर्गमन त्या भरल्या मैफलीत फुटून रडू लागली, तेव्हा ती म्हणाली, “वेड्यात काढतोय तिला.” मी म्हणालो, “तुला कसं कळलं?” ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “बघ, आता ती स्वतःच शोधायला लागेल. स्वतःवरचा विश्वास उडाला की मग त्याला काही करावं लागत नाही.”

आत्याच्या कमरेला एक किल्ल्यांचा जुडगा असे. लहानपणी आम्ही तो मागून घेऊन घरातली सगळी कुलुपे चाळली होती. एकही उघडले नव्हते. त्या रात्री सिनेमा संपल्यावर तिने मला त्या जुडग्याची हकिगत सांगितली. १९६० साली, अठराव्या वर्षी, ती पोलादपूरकडच्या एका घरात सून म्हणून गेली. हा जुडगा ती खुंटीला लावी आणि तो तांदळाच्या कणगीत सापडे. सापडे तो नेहमी नवऱ्याला, आणि नेहमी चार माणसांसमोर. दुधात मीठ पडे. दार उघडे राही. वर्षभरात वाडीतली पोरे तिला वेडी म्हणू लागली. भगताकडे नेऊन अंगारा झाला. तिलाही वाटू लागले की आपल्याला काहीतरी होते आहे; रात्री ती उठून जुडगा जागेवर आहे की नाही ते पाही. नवऱ्याला दुसरी करायची होती. १९५५च्या कायद्याने एक असताना दुसरी करता येत नव्हती, पण पहिली वेडी ठरली तर काडीमोडाची वाट निघत होती. हे तिला पुढे कळले. तेव्हा एवढेच झाले की एका रात्री ती झोपेचे सोंग घेऊन पडली असता नवरा उठला आणि त्याने खुंटीवरचा जुडगा काढला. सकाळी तिने कणगीत हात घातला, जुडगा कमरेला खोवला आणि तशीच निघून पहिली गाडी पकडून महाडला आली.

“मग तू त्याला काही बोलली नाहीस?” मी विचारले. बर्गमन शेवटी खुर्चीला बांधलेल्या नवऱ्याला वेडीचेच सोंग घेऊन सुनावते, ते माझ्या डोक्यात ताजे होते. आत्या म्हणाली, “सिनेमात बांधून ठेवतात रे. आमच्याकडे कोण बांधणार?”

समीक्षक मंडळी बर्गमनच्या या भूमिकेला कधी कधी जरा जास्तच अश्रुपाती म्हणतात. मीही एके काळी म्हणत असे. आता म्हणत नाही.

गार्बोचा ‘क्वीन ख्रिस्तिना’ (१९३३) आम्ही त्यानंतर केव्हातरी पाहिला. राज्य सोडलेली, प्रियकर मेलेला. राणी गलबताच्या टोकाशी उभी राहते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जात जात थांबतो. बराच वेळ काहीच होत नाही. पापणीदेखील लवत नाही. मी तेव्हा कविता करीत असे. त्या चेहऱ्यात मला विरह, त्याग, अथांगता असे सगळे काही दिसले आणि ते मी बोलूनही दाखवले. आत्या म्हणाली, “काही नाही. तिला आता काही सुचत नाहीये. गाडीत बसल्यावर मला महाड येईपर्यंत काही म्हणजे काही सुचलं नव्हतं.”

पुढे एम.ए.च्या दिवसांत वाचनालयात एक पुस्तक हाती लागले. त्यात दिग्दर्शक रूबेन मामुलियनने त्या प्रसंगाविषयी सांगितले होते. गार्बोने विचारले, मी चेहऱ्यावर काय आणू? तो म्हणाला, काहीच नाही. मन कोरे ठेव. मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तसाच बसून राहिलो. आपल्याकडे एवढा धीर मला एका नूतनमध्येच दिसतो. ‘बंदिनी’त (१९६३) विष घालण्यापूर्वी जोडकामाच्या ठिणग्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडतो आणि जातो, ती जवळजवळ काहीच करीत नाही.

एका बाबतीत मात्र मी आत्यावर रागावलो होतो. मर्ल ओबेरॉन ही ‘वदरिंग हाइट्स’ची (१९३९) नायिका, ‘द डार्क एंजल’साठी (१९३५) तिला ऑस्करचे नामांकन होते. ती आपल्या मुंबईत १९११ साली जन्मली होती. आईकडून तिचे रक्त मिश्र. हॉलिवुडात हे कळले असते तर धंदा बसला असता, म्हणून ती जन्मभर आपण टास्मानियाची असे सांगत राहिली. १९७८ साली तिथल्या होबार्ट शहराने तिचे स्वागतही केले. आई म्हणून जिने वाढवले त्या सावळ्या शार्लटला तिने लंडनच्या घरी पाहुण्यांसमोर मोलकरीण केले. शार्लट खरी तर आजी होती, हे कागदपत्रांवरून पुढे उघड झाले. तिच्या मृत्यूनंतर मर्लने तिचे तैलचित्र काढवून घेतले, आणि त्यात तिला गोरी रंगवायला सांगितले, असे चरित्रकार लिहितात.

मी हे सारे आत्याला मोठ्या त्वेषाने सांगितले. आईला मोलकरीण म्हणते ती बाई कसली! आत्याने ऐकून घेतले आणि म्हणाली, “नावं ठेवू नकोस. घर सोडून आलेल्या बाईला जो भेटेल तो विचारतो, तू कुठली, तुझं कोण. काहीतरी सांगावं लागतं. मी काय सांगत होते?”

मला ठाऊक होते. सगळ्या आळीला ठाऊक होते. आत्याचे यजमान मुंबईला गिरणीत नोकरीला होते आणि त्यांना रजा मिळत नव्हती. माझे आजोबा, वडील, आम्ही मुले, सगळे हेच सांगत आलो होतो. दर दिवाळीत कोणीतरी विचारी, यंदा येणार का? आणि माझी आजी म्हणे, पत्र आले आहे, जमेल असे दिसत नाही.

आत्या २०११ साली गेली. तिची मते मी एका वहीत टिपून ठेवली होती. सिनेमाचे नाव, तारीख आणि तिचे एखादे वाक्य. सावित्रीला २०२१च्या जुलैत पूर आला तेव्हा बाजारपेठेतल्या बहुतेकांप्रमाणे आमचाही तळमजला बुडाला आणि वही चिखलात गेली. वरचे सारे मी आठवणीने लिहिले आहे. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर ‘वेड्यात काढणे’ असे लिहिले. मुलीने ते वहीत उतरवून घेतले आणि म्हणाली, “एवढंच? हे तर आमची आजी पण म्हणते.”

जुडगा तेवढा गाळ काढताना सापडला. सौभाग्यवतीने तो रॉकेलने घासून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लावला आहे.