गोळ्या संपण्याआधी दवाखाना गाठा

महिना भरत आला की आमच्या तळोद्याच्या वस्तीत घराघरांतून एकच प्रश्न निघतो : म्हातारीच्या गोळ्या आणायला कोण जाणार? सून मजुरीला, लेक वीटभट्टीवर, नातू शाळेत. दवाखान्याच्या रांगेत एक दिवस गेला की त्या दिवसाची रोजी बुडाली. मग 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून गोष्ट लांबते.

आमच्या शेजारच्या मावशींचे असेच झाले. ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या होत्या. आम्ही विचारले तर म्हणाल्या, "आते डोकं दुखस नही, मंग गोळी कसाले?" वीस-पंचवीस दिवस गेले. एका पहाटे उजवा हातपाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले. आज मावशी खाटेवर आहेत आणि मजुरीला जाणारी सून त्यांच्या उशाशी बसून आहे. एका दिवसाची रोजी वाचवायला गेलो आणि वर्षाची रोजी गेली.

बंधू-भगिनींनो, ब्लडप्रेशर आणि साखर हे बहुधा न दुखता वाढणारे आजार आहेत, म्हणूनच ते दगा देतात. बरे वाटते ते गोळीमुळे. गोळी थांबली की दाब पुन्हा चढतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये.

आठ दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच दवाखान्यात जा. जुना केसपेपर आणि गोळ्यांचे पाकीट बरोबर घ्या. 'पांढरी गोल गोळी' एवढ्यावरून औषध ओळखता येत नाही. पाकिटावर अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन असे औषधाचे मूळ नाव छापलेले असते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत झाले आहेत. तेव्हा पैशासाठी कोणी घरी बसू नये.

खासगी डॉक्टरांकडे जात असाल तर एक नियम लक्षात ठेवा. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे अशा गोळ्यांची चिठ्ठी दुकानदाराने एकदाच चालवायची असते. पुन्हा औषध द्यायचे तर डॉक्टरांनी तसे चिठ्ठीवर लिहिलेले असावे लागते. म्हणून तिथेच विचारा, "डॉक्टरसाहेब, हेच औषध तीन महिने चालणार असेल तर तसे चिठ्ठीवर लिहून द्याल का?" विचारण्यात लाज कसली? तो आपला हक्क आहे.

दिवाळीनंतर आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. निघण्याआधी डॉक्टरांना तसे सांगा. जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का ते विचारा. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून भांड्याकुंड्यांबरोबर न्या. परगावच्या डॉक्टरला तुमची बोली कळली नाही तरी औषधाचे नाव कळेल.

आमच्या गल्लीत आता चार घरांनी मिळून पाळी लावली आहे. ज्याची पाळी असेल तो म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन जातो, रांगेत उभा राहतो. ब्लडप्रेशर मोजायला माणूस स्वतःच गेला पाहिजे, पण सोबतीला चार घरांतला एकच जण पुरतो. बाकी तिघांची रोजी बुडत नाही.

हा अंक खाली ठेवला की आधी म्हातारीच्या उशाखालचे पाकीट काढा आणि किती गोळ्या उरल्या ते मोजा.